शेणातून वायू, पण जंतूंचे काय? बायोगॅसच्या भरभराटीतला दुर्लक्षित प्रश्न

गोठ्यातील शेणापासून वायू मिळवण्याची कल्पना जुनी असली, तरी गेल्या दहा वर्षांत तिच्यामागे उभा राहिलेला पैसा अगदी नवा आहे. २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत अनेक देशांनी मिथेनचे उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा केली. युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर, २०२२ मध्ये, युरोपीय संघाने २०३० पर्यंत वर्षाला ३५ अब्ज घनमीटर बायोमिथेन निर्माण करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. डेन्मार्कच्या वायुजाळ्यातील सुमारे ४० टक्के वायू आज जैविक स्रोतांतून येतो. जर्मनीत नऊ हजारांहून अधिक बायोगॅस संयंत्रे आहेत, अमेरिकेतील पशुपालन केंद्रांवर सुमारे ४०० आहेत, आणि कॅलिफोर्नियात तर दुभत्या जनावरांच्या शेणातून मिळणाऱ्या वायूला मिळणारे कार्बनमूल्य दुधाच्या हिशेबाशेजारी मांडले जाऊ लागले आहे.

या साऱ्या हिशेबात किती मिथेन रोखला, किती डिझेल वाचले, किती वीज निर्माण झाली याची मोजदाद काटेकोरपणे होते. टाकीत जितके शेण जाते, जवळजवळ तितकीच स्लरी टाकीतून बाहेर पडते, आणि ती पुन्हा जमिनीवर पसरली जाते. त्या स्लरीत सॅल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर यांच्यासारखे रोगजंतू किती उरतात, हा प्रश्न मात्र ऊर्जेच्या ताळेबंदात कोठेही बसत नाही. शेणाचे ‘पचन’ झाले म्हणजे ते निर्धोक झाले, अशी एक सोयीस्कर समजूत धोरणकर्त्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वत्र आढळते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाचा संबंध थेट जेवणाच्या ताटाशी आहे.

टाकीच्या आत काय घडते

ऑक्सिजनविरहित पचन सामान्यतः दोन तापमान-पट्ट्यांत चालते. पहिला पट्टा ३५ ते ४० अंश सेल्सियसचा, म्हणजे गायीच्या शरीराच्या तापमानाच्या आसपासचा. दुसरा ५० ते ५५ अंशांचा. जगातील बहुसंख्य शेतांवरील संयंत्रे पहिल्या पट्ट्यात चालतात, कारण त्यांना उष्णता कमी लागते आणि त्यांतील सूक्ष्मजीवांची घडी सहसा विस्कटत नाही. परंतु जे तापमान मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मानवते, ते आतड्यात वाढलेल्या रोगजंतूंनाही परके नसते. तेथे ते मरतात ते मुख्यतः उपासमारीने, अमोनिया व सेंद्रिय आम्लांच्या माऱ्याने आणि इतर सूक्ष्मजीवांशी होणाऱ्या स्पर्धेत हरल्याने. उष्णतेने होणारा मृत्यू झटपट असतो. हा मृत्यू रेंगाळणारा असतो.

या फरकाचे सर्वांत बोलके आकडे डेन्मार्कमधून येतात. मोठी सामायिक संयंत्रे उभारताना तेथील पशुवैद्यक संशोधकांनी जंतूंची संख्या एक-दशांशावर येण्यास किती वेळ लागतो, हे मोजले. सॅल्मोनेला टायफिम्युरियमसाठी ५३ अंशांवर हा काळ सुमारे ०.७ तास भरला, ३५ अंशांवर २.४ दिवस, आणि साठवणीच्या खड्ड्यातील थंड, न पचलेल्या शेणात जवळपास सहा आठवडे. ई. कोलायसाठी हेच आकडे अनुक्रमे ०.४ तास, १.८ दिवस आणि सुमारे नऊ आठवडे असे आले. गुरांच्या आतड्यांचा चिवट विकार घडवणाऱ्या पॅराट्युबरक्युलोसिसच्या जंतूला ३५ अंशांवर सहा दिवस लागले.

या आकड्यांतून दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध होतात. पचन केलेली स्लरी ही कच्च्या शेणापेक्षा निश्चितच बरी. पण ‘कच्च्यापेक्षा बरी’ आणि ‘सुरक्षित’ यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर तापमान व वेळ ठरवतात. प्रत्यक्ष शेतावर तर हे अंतर आणखी वाढते. १९९० च्या दशकात मध्यम तापमानाच्या एका चालू संयंत्रात झालेल्या अभ्यासात ई. कोलाय आणि सॅल्मोनेला यांची संख्या दशांशावर यायला दिवसांऐवजी कित्येक आठवडे लागले, आणि कॅम्पिलोबॅक्टरवर तर पचनाचा फारसा परिणामच दिसला नाही.

ढवळण्याचे गणित

प्रयोगशाळेतील बाटली आणि शेतावरील टाकी यांच्यात असा फरक का पडतो, याचे एक उत्तर साध्या गणितात आहे. बहुतेक टाक्या अखंड ढवळल्या जातात. रोज थोडे ताजे शेण आत ढकलले जाते आणि तितकेच मिश्रण बाहेर काढले जाते. ‘या टाकीत शेण २० दिवस राहते’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती सरासरी असते. टाकी पूर्णपणे ढवळलेली असेल, तर आज सकाळी आत गेलेल्या शेणापैकी सुमारे ५ टक्के भाग उद्या सकाळपर्यंतच बाहेर पडलेला असतो. काही भाग दोन महिने आत राहतो आणि सरासरी २० दिवसांची भरते. परंतु पहिल्याच दिवशी निसटलेल्या जंतूंना सरासरीशी काही देणेघेणे नसते.

समजा, एक ग्रॅम शेणात ई. कोलायचे १० लाख जंतू आहेत आणि ३५ अंशांवर दर १.८ दिवसांनी त्यांची संख्या दशांशावर येते. हेच शेण एखाद्या बंद पात्रात २० दिवस ठेवले, तर त्यात एकही जंतू उरू नये. अखंड ढवळल्या जाणाऱ्या, सरासरी २० दिवसांच्या टाकीतून मात्र जवळपास ४ टक्के, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ३८ हजार जंतू जिवंत बाहेर येतात. जंतू तेच, तापमान तेच आणि दिवसही तेच. फरक केवळ निसटण्याच्या वाटेचा.

यावर उपायही अभियांत्रिकीतच आहे. आधी जुने मिश्रण बाहेर काढायचे, मग नवे आत घ्यायचे, आणि दोहोंमध्ये ठरावीक तास काहीही बाहेर पडू द्यायचे नाही, हा ‘खात्रीचा थांबा’ डॅनिश पद्धतीचा गाभा आहे. ५३ अंशांवर असा दोन तासांचा थांबा मिळाला, तरी त्या मोजमापानुसार ई. कोलायची संख्या पाच वेळा दशांशावर येते, म्हणजे लाखात एक जंतू उरतो. अमेरिकेतील अनेक दुग्धकेंद्रांवर वापरल्या जाणाऱ्या लांबट टाक्यांत शेण एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. तेथेही निसटण्याची वाट अरुंद होते. दोन टाक्या एकापुढे एक जोडल्यानेही बराच फरक पडतो. म्हणून कागदावर केवळ ‘बायोगॅस संयंत्र’ असे लिहिले असेल, तर त्यावरून स्लरीच्या सुरक्षिततेविषयी काहीच कळत नाही.

जे उष्णतेलाही दाद देत नाहीत

तापमान वाढवले तरी काही जंतू उरतातच. क्लॉस्ट्रिडियम आणि बॅसिलस या कुळांतील जीवाणू प्रतिकूल काळात बीजाणूंचे कवच धारण करतात. ७० अंशांवर एक तास तापवणे ही युरोपातील प्रमाणित पायरीही या बीजाणूंना मारू शकत नाही.

दुसरा धोका उपचारानंतरचा आहे. तापवलेल्या स्लरीतील बहुतेक सूक्ष्मजीव मेलेले असतात, म्हणजे स्पर्धक उरलेले नसतात. अशा स्लरीला कच्चे शेण वाहून नेलेल्या टँकरचा, न धुतलेल्या पंपाचा किंवा उघड्या साठवण-खड्ड्याचा संसर्ग झाला, तर सॅल्मोनेला तेथे पुन्हा वाढू शकतो. शेणाची आवक आणि स्लरीची जावक एकाच फाटकातून, एकाच नळीने होत असेल, तर मधल्या साऱ्या उपचारावर पाणी पडते.

तिसरा प्रश्न प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचा आहे. जनावरांना दिलेल्या औषधांचा मोठा अंश शेणामूत्रातून बाहेर पडतो आणि त्याबरोबर प्रतिकारक्षम जीवाणूही येतात. जीवाणू मेला तरी त्याच्या प्रतिकाराचे जनुक डीएनएच्या तुकड्याच्या रूपाने काही काळ टिकू शकते आणि दुसरा जीवाणू ते उचलू शकतो. पचनाने काही जनुके घटतात, काही तशीच राहतात. जास्त तापमानाचा परिणाम सामान्यतः अधिक चांगला असतो, परंतु त्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणूनच या बाबतीतला खरा उपाय टाकीच्या आधी, गोठ्यातच आहे. वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर युरोपीय संघाने २००६ मध्ये बंदी घातली. अमेरिकेत मानवी उपचारांत महत्त्वाच्या असलेल्या औषधांचा असा वापर २०१७ पासून बंद झाला. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आणली.

दोन खंड, दोन कायदे

युरोपीय संघात प्राणिजन्य उपपदार्थांविषयीचे २००९ आणि २०११ चे नियम या विषयाचा पाया आहेत. त्यांनुसार प्रमाणित प्रक्रियेत पदार्थाचे तुकडे १२ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावेत आणि तो सलग ६० मिनिटे ७० अंशांवर तापवावा. तपासणीच्या पाच नमुन्यांत ई. कोलाय किंवा एंटेरोकोकस ग्रॅममागे १००० च्या आत असावेत, फार तर एका नमुन्यात ५००० पर्यंत. आणि सॅल्मोनेला तर पाचही नमुन्यांत, २५ ग्रॅममध्ये, अजिबात आढळू नये. मघाच्या उदाहरणातील ३८ हजारांचा आकडा या मर्यादेशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. मात्र याच नियमांत केवळ शेणावर चालणाऱ्या संयंत्रांना, गंभीर सांसर्गिक रोगाचा धोका नसल्याचे संबंधित अधिकाऱ्यांचे मत असल्यास, तापवण्याच्या पायरीतून सूट देण्याची मुभा आहे. आपल्याच शेतातील शेण आपल्याच शेतात परत जाणार असेल, तर ही सूट समजण्यासारखी आहे. अनेक शेतांचे शेण एका ठिकाणी येऊन, मिसळून, पुन्हा अनेक शेतांत वाटले जाऊ लागले की त्या सवलतीमागील तर्क लंगडा पडतो. कारण एका गोठ्यातील रोग पन्नास गोठ्यांपर्यंत नेणारी साखळी तेथे तयार होते.

अमेरिकेतील विसंगती याहून ठळक आहे. माणसांच्या मैलापाण्यातून निघणाऱ्या गाळासाठी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्येच नियम केले. सर्वत्र वापरता येणाऱ्या ‘अ’ वर्गातील गाळात मलजन्य कोलिफॉर्म जंतू ग्रॅममागे १००० पेक्षा कमी असावे लागतात. ‘ब’ वर्गातील गाळ टाकलेल्या शेतात मातीला टेकणारे अन्नपीक १४ महिने काढता येत नाही. जनावरांच्या शेणाला मात्र या नियमांतील एकही ओळ लागू नाही. मोठ्या पशुपालन केंद्रांच्या शेणाचे नियमन प्रामुख्याने नत्र आणि स्फुरद यांच्याभोवती फिरते. सेंद्रिय प्रमाणीकरण घेतलेल्या शेतांना कच्चे शेण टाकल्यानंतर ९० किंवा १२० दिवस थांबावे लागते. इतर भाजीपाला उत्पादकांसाठी संघराज्याच्या २०१५ च्या नियमांत तो कालावधी निश्चित न करता मोकळाच ठेवला गेला.

हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१८ मध्ये ॲरिझोनातील यूमा परिसरातील रोमेन लेट्यूसमधून पसरलेल्या ई. कोलाय ओ१५७ च्या साथीत ३६ राज्यांतील २१० जण आजारी पडले आणि पाच दगावले. तोच जंतू तेथील कालव्याच्या पाण्यात सापडला, आणि जवळच हजारो गुरांचे मोठे केंद्र होते. त्या साथीत बायोगॅसच्या स्लरीचा काही हात असल्याचे दिसलेले नाही. पण गोठा, पाणी आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी यांच्यातील अंतर किती कमी असते, हे त्या घटनेने दाखवून दिले. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात दुग्धकेंद्रे आणि अन्नपिके शेजारी-शेजारी नांदतात, आणि तेथील अनेक संयंत्रे म्हणजे वरून आच्छादलेली तळी आहेत. त्यांचे तापमान ऋतूप्रमाणे चढते-उतरते. मिथेन पकडण्याचे काम ती चोख करतात. जंतू मारण्यासाठी त्यांची रचनाच झालेली नाही.

अपुऱ्या माहितीतून उलट टोकाची चूकही घडते. २०११ च्या वसंतात जर्मनीत ई. कोलाय ओ१०४ च्या साथीने ५० हून अधिक बळी घेतले, तेव्हा बायोगॅस संयंत्रांकडेही संशयाची बोटे वळली. अखेरीस माग लागला तो मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांचा. स्लरीच्या नियमित तपासण्यांची खुली नोंद हाताशी असेल, तर अशा संशयाला उत्तर देण्यासाठी साथ ओसरण्याची वाट पाहावी लागत नाही. त्या अर्थाने कडक तपासणी हे बायोगॅस उद्योगाचेच संरक्षण आहे.

उष्णतेची किंमत कोण देणार

मग सर्वच ठिकाणी स्लरी ७० अंशांवर का तापवली जात नाही? उत्तर पैशात आहे. एक टन पातळ शेण १० अंशांवरून ७० अंशांवर नेण्यास सुमारे ७० युनिट ऊर्जा लागते. त्याच एक टन शेणातून साधारण २० ते २५ घनमीटर बायोगॅस, म्हणजे ढोबळमानाने १२० ते १५० युनिट ऊर्जा मिळते. बाहेर जाणाऱ्या गरम स्लरीची उष्णता आत येणाऱ्या शेणाला देण्याची सोय नसेल, तर निम्मे उत्पन्न तापवण्यातच खर्ची पडते. अशी सोय केली तर हा खर्च बराच घटतो, पण त्यासाठी भांडवल लागते.

याच ठिकाणी आजच्या धोरणांचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. पूर्वी बहुतेक संयंत्रे जागेवरच वीज बनवत. इंजिनातून वाया जाणारी उष्णता जवळजवळ फुकट मिळे आणि तीच तापवण्यासाठी वापरता येई. आता अनुदाने व कार्बनमूल्ये वायू शुद्ध करून वायुवाहिनीत किंवा वाहनांत भरण्याकडे झुकली आहेत. इंजिन गेले, तशी त्याची फुकट उष्णताही गेली. आता तापवण्यासाठी जाळलेला प्रत्येक घनमीटर वायू हा विक्रीतून वजा होणारा घनमीटर ठरतो. रोखलेल्या मिथेनला भाव आहे, विकलेल्या वायूला भाव आहे, मारलेल्या जंतूला कोणताही भाव नाही. कोणत्याही उद्योजकाचा हिशेब मग कोणत्या दिशेला झुकेल, हे सांगायला नको.

भारतापुढील वळण

भारतासाठी हा विषय आता निकडीचा होत आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यातून वायू गोळा करण्याचा प्रयोग १८९७ मध्येच झाला होता. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या तरंगत्या टोपीच्या संयंत्राने १९६० च्या दशकापासून गोबरगॅस खेडोपाडी नेला. देहूच्या डॉ. सु. वि. मापुस्करांनी शौचालयाला जोडलेल्या संयंत्रांवर आयुष्य वेचले. मानवी मैल्याचा प्रश्न असल्याने तेथे जंतूंचा विचार पहिल्यापासून होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात तर मुख्य पचनाआधी सूर्याच्या उष्णतेने तापवलेल्या पाण्याचा वापर करणारी स्वतंत्र टाकी आहे. म्हणजे ‘आधी ऊब, मग वायू’ हा विचार महाराष्ट्राला परका नाही.

आजची योजना मात्र घरगुती टाकीची नाही. २०१८ मध्ये ‘गोबरधन’ आणि ‘सतत’ या योजना आल्या. ‘सतत’ने २०२३-२४ पर्यंत ५००० संयंत्रांचे उद्दिष्ट ठेवले होते, प्रत्यक्ष काम त्याच्या आसपासही पोहोचले नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात १० हजार कोटी रुपये खर्चून ५०० नवी संयंत्रे उभारण्याची घोषणा झाली. नैसर्गिक वायूत संपीडित बायोगॅस मिसळण्याचे बंधन २०२५-२६ मध्ये १ टक्का असून २०२८-२९ पासून ते ५ टक्के व्हायचे आहे. बाहेर पडणाऱ्या सेंद्रिय खतासाठी टनामागे १५०० रुपयांचे विपणन साहाय्यही मंजूर झाले आहे.

यातील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. स्वतःच्या गोठ्याची स्लरी स्वतःच्या शेतात टाकणारा शेतकरी आपल्या गुरांचे रोग ओळखून असतो. पोत्यात भरून किंवा टँकरने विकले जाणारे खत दूरच्या तालुक्यात, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात जाते, आणि ते कोणत्या गोठ्यातून आले हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. त्यात कोंबडखत, शेण, बाजारातील ओला कचरा असे सारे मिसळलेले असू शकते. भारतीय संयंत्रे हवामानानुसार ३०, ४० किंवा ५५ दिवसांच्या सरासरीसाठी बांधली जातात आणि बहुधा वेगळी उष्णता न देता चालतात. सरासरीचे गणित तेथेही तेच आहे. ते साहाय्य टनाला मिळते; तेच सॅल्मोनेला नसल्याच्या प्रमाणपत्राला जोडले, तर नवा कायदा न करताही बाजाराची दिशा बदलू शकते.

या क्षेत्रात परदेशस्थ मराठी अभियंते, पशुवैद्यक आणि गुंतवणूकदार आज अनेक देशांत काम करतात. मायदेशी संयंत्रे उभारण्याचे प्रस्तावही त्यांच्यापैकी काहींपुढे येतात. अशा प्रत्येक प्रस्तावाला वायूच्या उताऱ्याबरोबर आणखी पाच प्रश्न विचारता येतील: टाकीचे तापमान किती? सर्वांत कमी थांबा किती तासांचा? शेण किती गोठ्यांतून येते? आवक आणि जावक यांचे मार्ग वेगळे आहेत का? आणि स्लरी कोणत्या पिकावर, कापणीच्या किती दिवस आधी पडणार? मका, ऊस किंवा चाऱ्याच्या शेतासाठी जे पुरेसे आहे, ते कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या काकडी-टोमॅटोसाठी पुरेसे नाही. प्रत्येक ठिकाणी ७० अंशांची सक्ती करणे परवडणार नाही, तशी गरजही नाही. धोका जेथे अधिक तेथे उष्णता, जेथे कमी तेथे थांबा आणि पीकनिवड, अशी पायऱ्यांची व्यवस्था शक्य आहे, आणि तिचा खर्च वायूच्या किमतीत आजच धरला गेला पाहिजे. तो आज धरला नाही, तर पुढे कधीतरी एखाद्या साथीच्या रूपाने भरावा लागेल. आणि ती भरपाई संयंत्राच्या मालकाला नव्हे, भाजी विकत घेणाऱ्या कुटुंबाला करावी लागेल.